घरी शिकणारं मूल अनोळखी शब्दाशी अडतं तेव्हा

माझी मुलगी आठ वर्षांची असताना एका दुपारी ग्रहताऱ्यांवरचं पुस्तक मोठ्याने वाचत होती. एका ओळीत तिने 'अवका-शयान' असं वाचलं, थबकली आणि विचारलं, "आई, अवका म्हणजे काय?" अवकाश हा शब्द तिला ठाऊक होता, यानही ठाऊक होतं. दोन्ही जोडून आले आणि सांधा चुकीच्या जागी पडला, एवढंच. पण त्या प्रश्नाने माझ्या ध्यानात आलं की ही मनातल्या मनात वाचते तेव्हा असे किती शब्द चुकीच्या जागी तुटत असतील, आणि ते मला कळायला मार्गच नाही.

शाळेच्या वर्गात एक मूल उभं राहून वाचतं आणि बाकीची ऐकतात. बाई एकाची चूक सुधारतात, ती तीस जणांच्या कानावर पडते. घरी शिकणाऱ्या मुलाला हा आयता लाभ मिळत नाही. ते खूप वाचतं, कधीकधी वर्गातल्या मुलांपेक्षा जास्त वाचतं, पण वाचलेले शब्द त्याने कुणाच्या तोंडून ऐकलेले नसतात. डोळ्यांची ओळख झाली, कानांची राहिली. म्हणून मूल शब्द चुकीचा उच्चारतं तेव्हा आधी हे मनाशी धरा की ते ऐकण्याच्या पुढे वाचत आहे. रागावण्यासारखं त्यात काही नाही, हसण्यासारखं तर मुळीच नाही. घरात कुणी एकदा हसलं की मूल मोठ्याने वाचणंच सोडतं, आणि मग मदत करायला तुमच्या हाती काही उरत नाही.

गोव्यात आणखी एक गोष्ट असते. आमच्या फोंडा तालुक्यातल्या बहुतेक घरांसारखं आमच्याही घरात बोलणं कोकणीत आणि वाचणं मराठीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही सरकारी कामकाजात वापर करण्याची मुभा राहिली. घरातही दोघी अशाच शेजारी नांदतात. त्यात टीव्हीवर हिंदी, पुस्तकांच्या कपाटात अर्धी पुस्तकं इंग्रजी, आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाने लिहिलेली गावांची नावं. मुलाला अक्षर कुठल्या भाषेच्या नियमाने वाचायचं, हे शब्दागणिक ठरवावं लागतं.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं ऐका

सुधारायला लगेच सुरुवात करू नका. रोज पंधरा मिनिटं मुलाला मोठ्याने वाचू द्या, शेजारी बसा, हातात पेन्सिल आणि कागद ठेवा. अडलेला किंवा चुकलेला शब्द, मुलाने जसा उच्चारला तसाच, लिहून ठेवा. मुलाला आधी सांगा की ही परीक्षा नाही, कुठले शब्द नवीन आहेत ते आपल्याला शोधायचं आहे.

आठवड्याने यादी पाहिलीत तर चुकांचे तीन वेगवेगळे गट दिसतील. काही शब्दांत मूल अक्षरच चुकतं: जोडाक्षर सुटतं, वेलांटी सुटते, किंवा पहिली दोन अक्षरं पाहून उरलेला शब्द अंदाजाने म्हटला जातो. काही शब्दांत अक्षरं सगळी बरोबर असतात, पण शब्द कधी ऐकलेलाच नसतो, म्हणून तुटतो चुकीच्या जागी. आणि काही चुका मुळात चुकाच नसतात, ते घरच्या बोलीचं वळण असतं. पानावर 'पाऊस' असतो आणि मूल 'पावस' म्हणतं. त्याने शब्द ओळखला, अर्थ समजला, आणि तोंडात आपल्या घरचा शब्द आला. 'घर' म्हणताना कोकणीतला गोल 'अ' येतो, कानाला 'घॉर'सारखं लागतं. याला मी हात लावत नाही. 'पावस'ला मात्र एवढंच सांगते, "बरोबर, पण पुस्तकात मराठीत काय लिहिलंय ते बघ." त्याहून जास्त काही नाही. आजीच्या तोंडची भाषा चुकीची आहे, असं मुलाच्या मनात चुकूनही जाता कामा नये.

हे तीन गट वेगळे ठेवले की निम्मं काम झालं, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

दुसरी पायरी: शब्द लगेच पुरवू नका

मूल अडलं की आपल्या तोंडून शब्द बाहेर पडतोच. ही सवय मोडायला मला सर्वांत जास्त दिवस लागले. मनात पाच अंक मोजा, सावकाश. बरेचदा तेवढ्यात मूल स्वतः सुटतं. नाही सुटलं तर प्रश्न विचारा: "यात तुला ओळखीचा तुकडा कुठला दिसतो?" तरीही नाही जमलं तर शब्दाचा पहिला तुकडा तुम्ही म्हणा आणि बाकीचा त्याच्यावर सोपवा. एवढं करूनही अडलं तर मात्र ताणू नका. शब्द स्पष्ट म्हणून दाखवा, त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगा. सुटा शब्द लगेच विसरतो, वाक्यात बसवलेला टिकतो.

गोष्ट रंगात आली असेल तर थांबवूच नका. चुकलेला शब्द टिपून ठेवा, प्रकरण संपल्यावर त्याकडे वळा. अर्थ बदलत असेल तेवढ्याच चुकीला मध्ये थांबायचं.

तिसरी पायरी: शब्द तोडायला शिकवा

जुन्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा घ्या आणि तो लांब शब्दावर ठेवा. डावीकडून थोडा थोडा सरकवत एकेक तुकडा उघडा. अंदाजाने वाचणाऱ्या मुलाला याचा फार उपयोग होतो, कारण पुढचं दिसतच नाही, समोरचं वाचावंच लागतं.

तोडायचं कुठे, हा खरा प्रश्न. मराठीत लिहिलेला प्रत्येक 'अ' उच्चारला जात नाही. 'घर' लिहितो, 'घर्' म्हणतो. 'गडबड'चे तुकडे गड्-बड् असे पडतात, 'करवत'चे कर्-वत्, 'गजरा'चे गज्-रा. बोलताना मूल हे आपोआप करतं. अनोळखी शब्दात ते एकतर प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारतं, ग-ड-ब-ड, नाहीतर भलतंच अक्षर हलकं करतं. टाळी वाजवून तुकडे मोजायला लावा: आमच्याकडचा मानकुराद आंबा घ्या, मान्-कु-राद्, तीन टाळ्या. कुळा-गर्, म्हणजे माड-पोफळीची बाग, इथेही तीन, कारण 'कुळा'च्याच दोन होतात. आंबा आणि माड-पोफळी ओळखीच्या असल्या की मुलं टाळ्या अचूक देतात, मग तोच ठेका अनोळखी शब्दाला लावता येतो.

जोडशब्दांत आधी सांधा शोधायचा. लोक्-सभा, दगड्-फूल्, अव-काश्-यान्. मी पुस्तकातच पेन्सिलीने सांध्यावर बारीक उभी रेघ मारते. चार-सहा महिन्यांनी मुलगी रेघा स्वतःच मारू लागली, आणि त्यानंतर त्यांची गरजही संपली. संधी झालेले शब्दही असेच उलगडतात: महोत्सवात महा आणि उत्सव, सूर्यास्तात सूर्य आणि अस्त.

फारच लांब शब्द असेल तर मागून पुढे या. 'वैशिष्ट्यपूर्ण' घ्या. आधी 'पूर्ण'. मग 'शिष्ट्य'. मग 'शिष्ट्यपूर्ण'. शेवटी 'वै' लावा. प्रत्येक वेळी मूल नव्या तुकड्याकडून ओळखीच्या शेवटाकडे जातं, त्यामुळे शेवटी दम लागत नाही.

चौथी पायरी: देवनागरीतले अडथळे

देवनागरी लिहिलं तसं वाचतात, असं आपण सहज म्हणतो. मुलाला ते शब्दशः खरं वाटतं आणि मग गोंधळ होतो. पुढच्या जागा नीट समजावून द्याव्या लागतात. एका दिवशी एकच घ्या.

सर्वांत अवघड च, ज आणि झ. 'चार' मधला च तालव्य: जीभ पसरून टाळूला लागते. 'चारा' मधला च दंत्य: जिभेचं टोक दातांमागे जातं आणि 'त्स'च्या जवळचा आवाज येतो. चाळीस आणि चाळ, पाचक आणि पाच, या जोड्यांतही तोच फरक. 'वाचा' हा शब्द तर दोन्ही प्रकारे वाचता येतो: "पुस्तक वाचा" यात दंत्य, "त्याची वाचा बसली" यात तालव्य. लिहिताना दोन्ही अगदी सारखे, वेगळं चिन्ह नाही.

मुलाला नियम थोडे द्या आणि त्याच्या बोलण्यातले दाखले भरपूर द्या. पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर उच्चार साधारणपणे तालव्य: चिंच, जीभ, चेंडू, जेवण. माझा म्हणताना झ दंत्य, माझी म्हणताना तालव्य. त्याचा आणि त्याची यांतही तसंच. हे मूल रोज बरोबर बोलत असतं, फक्त त्याच्या लक्षात आणून द्यायचं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुधा तालव्य: चंद्र, चरण, जल, जन्म. चूक, चोर, जमीन, झाड, झरा हे दंत्य. आरशासमोर उभं करून 'चार' आणि 'चारा' म्हणायला लावा, जिभेची जागा स्वतःला जाणवते. वाचताना दंत्य अक्षराखाली पेन्सिलीने टिंब द्यायची पद्धत आम्ही वापरतो. कोकणीतही हे दोन्ही उच्चार आहेत, त्यामुळे गोव्यातल्या मुलाची जीभ त्यांना सरावलेली असते. अडचण फक्त नव्या शब्दात कुठला घ्यायचा एवढीच.

दुसरा अडथळा अनुस्वार. टिंब एकच, आवाज अनेक. आंबा म्हणताना ओठ मिटतात, कारण पुढे ब आहे. चांदी म्हणताना जीभ दातांशी जाते, घंटा म्हणताना वर वळते, गंगा म्हणताना घशाकडे. पुढचं अक्षर जिथून निघतं तिथलाच नाकातला आवाज, एवढं मुलाला सांगितलं की पुरतं. फक्त य, र, ल, व, श, स, ह या अक्षरांआधीचं टिंब वेगळं शिकवावं लागतं. सिंह आपण 'सिंव्ह' असा म्हणतो, संशय 'संव्शय' असा, संवाद जवळजवळ 'सव्वाद' असा, पण नाकातून. हे वाचून कळत नाही. तुम्हीच म्हणून दाखवायचं.

तिसरा र. चक्रातला र पायाशी, सूर्यातला डोक्यावर, आणि ऱ्या मधला अर्धचंद्रासारखा. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी शेजारी लिहा. दर्या म्हणताना आधीच्या 'द'वर जोर येतो आणि र पुढच्या य वर आदळतो. दऱ्या म्हणताना काहीच आदळत नाही. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवणाचं सांगायचं, हे वाक्य आमच्याकडे फार चाललं. आघाताची हीच गोष्ट 'पुण्या'तही आहे: "आम्ही पुण्याला गेलो" यात 'पु' हलका, "त्याच्या पुण्याला सीमा नाही" यात 'पु'वर जोर.

बाकीचे अडथळे लवकर उरकतात. ज्ञान मराठीत 'द्न्यान', हिंदी कार्टून पाहणारी मुलं 'ग्यान' म्हणतात. ऋषी आपल्याकडे 'रुषी', हिंदीत 'रिषी'. दुःखातला विसर्ग पुढच्या ख ला जोर देतो, 'दुक्ख'. ब्राह्मण लिहितो, 'ब्राम्हण' म्हणतो. शेवटी जोडाक्षर असेल तर अंत्य 'अ' थोडा ऐकू येतो: मित्र, रक्त, स्वातंत्र्य.

पाचवी पायरी: पाट्या, गावं आणि इंग्रजी

बसमधून किंवा गाडीतून जाताना गावांच्या पाट्या वाचण्याचा खेळ करा, पण मुलाला आधी किल्ली द्या. साखळीची रोमन पाटी इंग्रजीच्या नियमाने वाचली तर 'सँक्वेलिम' होते, केपे 'क्वेपेम' होते, डिचोली 'बिचोलिम' होते. ही स्पेलिंगं पोर्तुगीज वळणाची आहेत. क्यू आणि यू ही जोडी तिथे 'क'च्या आवाजासाठी येते. शेवटचा एम ओठ मिटून म्हणायचा नसतो, आधीचा स्वर नाकात न्यायची ती खूण आहे. एक्स हा 'श'साठी, रोमी म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत शिगमो एक्सने सुरू होतो. ख, ळ यांसारख्या आवाजांना पोर्तुगीजात अक्षर नव्हतं, म्हणून ते पाटीवरून गळाले. म्हापशातला ह तसाच गेला. पाटीवर देवनागरी नावही असेल तर दोन्ही वाचायला लावा आणि कुठला आवाज हरवला ते शोधायला सांगा. एकाच आवाजाला दोन लिप्या दोन प्रकारे पकडतात, हे मुलाला इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल.

इंग्रजी पुस्तकांतल्या शब्दांना मात्र तोडण्याचा उपाय अर्धाच लागू पडतो. 'आयलंड'मधला एस आणि 'रिसीट'मधला पी मुके आहेत, हे अक्षरांवरून समजायचा मार्ग नाही. शिवाय जोर कुठे द्यायचा, हे शब्दागणिक बदलतं: फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, फोटोग्राफीत दुसऱ्यावर. इथे फोनवरच्या शब्दकोशातलं ध्वनिचिन्ह दाबून ऐकणं हाच सरळ उपाय. आधी मुलाने अंदाज सांगायचा, मग ऐकायचं, मग पुन्हा म्हणायचं. परदेशी माणसांची आणि शहरांची नावं मिळाली तर ऐका, नाहीतर घरात एक उच्चार ठरवून पुढे चला. एका नावासाठी गोष्ट अडवून धरू नका.

सहावी पायरी: कान आधी भरा

नवा धडा किंवा प्रकरण सुरू करण्याआधी तुम्ही ते चाळा आणि मुलाने ऐकलेले नसतील असे चार-पाच शब्द काढा. ते बोलण्यातच वापरा. 'आर्द्रता' येणार असेल तर सकाळी कपडे वाळत घालताना म्हणा, "आज हवेत आर्द्रता किती आहे, हे दोन दिवस वाळायचे नाहीत." जुलैतल्या गोव्यात यापेक्षा चांगला पाठ नाही. दुपारी पानावर तो शब्द आला की मुलाला तो ओळखीचा वाटतो.

चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान जमवताना तर शब्दांची खाणच उघडते. कुळागरातून आणि रानातून आलेलं एकेक फळ हातात देऊन नाव म्हणायचं, मग त्याची चिठ्ठी लिहून फळाला बांधायची, मग दुसऱ्याने वाचायची. आमच्याकडे हे काम दोन वर्षं मुलीकडेच आहे.

मोठ्यांचं नीट मराठी ऐकायला मिळेल अशा जागी मुलाला न्या. देवळातली कीर्तनं आहेत, आकाशवाणीच्या मराठी बातम्या आहेत. आणि गोव्यातली फार मोठी सोय म्हणजे उत्सवात गावोगावी होणारी मराठी नाटकं. प्रयोगापेक्षा तालीम जास्त उपयोगाची, कारण तिथे एकच वाक्य दहादा म्हटलं जातं आणि चुकलं की तिथल्या तिथे सुधारलं जातं. चुकलेल्या मोठ्या माणसालाही कुणी हसत नाही, तो पुन्हा म्हणतो. तालीम घेणाऱ्यांना विचारून मुलाला संहिता हातात देऊन प्रॉम्प्टरशेजारी बसू द्या. डोळा अक्षरावर आणि कान संवादावर, दोन्ही एकाच वेळी.

पुस्तकांसाठी पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ मध्ये सुरू झालेलं. ई-बालभारतीवर महाराष्ट्राची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. मुलाच्या वयापेक्षा एक इयत्ता खालच्या पुस्तकाने मोठ्याने वाचन सुरू करा. अवघड पुस्तकं तुम्ही वाचा, त्याने बोट ठेवून पाहत ऐकावं.

सातवी पायरी: शब्दांची वही

शंभर पानी साधी वही घ्या. डावीकडे शब्द, त्याखाली तोडून लिहिलेला उच्चार, उजवीकडे मुलाने स्वतः केलेलं वाक्य. दिवसाला तीनच शब्द, त्याहून जास्त नको. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तेच शब्द पुन्हा वाचून घ्या. तिन्ही वेळा न अडता आला की मूल त्यावर बरोबरची खूण करतं.

महिन्यातून एकदा एक पान वाचताना फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि तारीख घालून जपून ठेवा. मुलाला लगेच ऐकवू नका. तीन-चार महिन्यांनी जुनं आणि नवं दोन्ही ऐकवा, आपण कुठे पोचलो ते त्याचं त्यालाच कळतं.

इतकं करूनही काही महिन्यांत फरक पडत नसेल, सोपे दोन अक्षरी शब्दही दरवेळी नव्याने वाचावे लागत असतील, दिसायला सारखी अक्षरं सतत उलटसुलट होत असतील, किंवा बोलतानाही ठरावीक आवाज निघत नसतील, तर वाट पाहत बसू नका. आधी कानांची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या, मग वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा. घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे लक्षात आणून देणारं बाहेरचं कुणी नसतं, ते आपल्यालाच पाहावं लागतं. तज्ज्ञांकडे जाताना पहिल्या आठवड्याची यादी, ही वही आणि ध्वनिमुद्रणं बरोबर न्या. मूल कुठे आणि कसं अडतं, हे त्यांना त्यातून लगेच कळेल.